कोसंबींचा क्रमांक कितवा?

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक ठरावीक बातमी येते. अमुक महाविद्यालयाचे तमुक प्राध्यापक ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञां’च्या यादीत झळकले, यादी अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची, संस्थाध्यक्षांच्या हस्ते शाल-श्रीफळ, सर्व स्तरांतून अभिनंदन. दोन दिवसांत फाटकावर फ्लेक्स चढतो. ज्यांचे नाव आले त्यांना आनंद होणे स्वाभाविक आहे आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. आयुष्य प्रयोगशाळेत घालवलेल्या माणसाला गावाने एकदा हार घातला तर कोणाचे काय बिघडले? पण या बातम्या ओळीने वाचत गेले की एक उणीव डोळ्यांत भरते. प्राध्यापकांचा विषय दिलेला असतो, पद असते, शोधनिबंधांची संख्या असते, एच-इंडेक्स असतो. त्यांनी शोधले काय, हे जवळजवळ कधीच नसते. बातमीदाराने विचारलेले नसते, प्राचार्यांनी सांगितलेले नसते, आणि मूळ यादीत तर तो रकानाच नाही.

माझा आक्षेप त्या नसलेल्या रकान्याबद्दल आहे. यादी खोटी आहे असे मी म्हणत नाही. ती बरीच काळजीपूर्वक केलेली आहे, म्हणूनच तिच्याकडे नीट पाहायला हवे.

स्टॅनफर्ड विद्यापीठ कोणाची निवड करत नाही, हे आधी स्पष्ट करू. तिथले प्राध्यापक जॉन इओआनिडिस आणि त्यांचे सहकारी २०१९ पासून ही माहिती प्रसिद्ध करत आहेत. तिचा कच्चा माल एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या स्कोपस या भांडारातून येतो. सगळे विज्ञान २२ क्षेत्रांत आणि पावणेदोनशेच्या आसपास उपक्षेत्रांत विभागायचे, प्रत्येक लेखकाचे सहा आकडे काढायचे, त्यांचे मिश्रण करून एक गुणांक बनवायचा आणि उतरत्या क्रमाने नावे लावायची, अशी ही रीत. इओआनिडिस हे आकड्यांना भुलणारे गृहस्थ नव्हेत. प्रसिद्ध झालेले बहुतांश संशोधन-निष्कर्ष खोटे का असतात, अशा शीर्षकाचा त्यांचा २००५ मधला लेख वैद्यकीय संशोधनाला चांगलाच झोंबला होता. स्वतःच स्वतःचे संदर्भ देऊन फुगवलेले आकडे उघडे पडावेत, अशी सोयही त्यांनी या यादीत ठेवली. तिचा उपयोग झाला. ‘नेचर’ने २०१९ मध्ये दाखवून दिले की, ज्यांच्या कामाचे निम्म्याहून अधिक संदर्भ त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सहलेखकांनीच दिलेले आहेत, असे अडीचशेहून अधिक शास्त्रज्ञ त्या माहितीत आहेत. चेन्नईच्या एका खासगी विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या बाबतीत हे प्रमाण ९४ टक्के होते.

ते सहा आकडे कोणते? एकूण संदर्भ. एच-इंडेक्स. सहलेखकांच्या संख्येनुसार दुरुस्त केलेला एच-इंडेक्स. एकट्याने लिहिलेल्या निबंधांना मिळालेले संदर्भ. एकट्याने किंवा पहिला लेखक म्हणून लिहिलेल्यांना मिळालेले. आणि एकटा, पहिला किंवा शेवटचा लेखक म्हणून लिहिलेल्यांना मिळालेले. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत याला अर्थ आहे. तिथे पहिले नाव राबणाऱ्याचे आणि शेवटचे नाव प्रयोगशाळा चालवणाऱ्याचे असते. गणितात मात्र लेखकांची नावे बहुधा आडनावांच्या वर्णक्रमाने लावतात. तिथे पहिले असणे हा आडनावाचा गुण.

एक जुना निबंध घ्या. ऑयलरने १७८२ मध्ये लॅटिन चौरसांविषयी एक अटकळ मांडली होती. ती पावणेदोनशे वर्षे टिकली आणि १९५९ मध्ये राजचंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर या तिघांनी मोडून काढली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती बातमी पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात आले, त्यांनी तिथला गणित विभाग उभा केला आणि शंभरी ओलांडून २०२० मध्ये वारले. तिघांचा सविस्तर निबंध १९६० मध्ये कॅनडाच्या गणितविषयक नियतकालिकात आला. त्यावर नावांचा क्रम वर्णक्रमाचा नाही, तो बोस, श्रीखंडे, पार्कर असा आहे. म्हणजे श्रीखंडे मधले. सहापैकी शेवटच्या तीन आकड्यांच्या दृष्टीने या निबंधात ते नाहीतच.

ही चूक दुरुस्त करता येईल, गणितासाठी वेगळे सूत्र बसवता येईल. पण सूत्र कितीही सुधारले तरी ते ज्याची बेरीज करते ती वस्तू तीच राहते: एका निबंधाच्या शेवटी दुसऱ्या निबंधाचा उल्लेख. आणि ती वस्तू मोजण्यासाठी जन्मलीच नव्हती. अमेरिकन वकिलांकडे १८७३ पासून शेपर्ड नावाची सूची होती. जुना निवाडा अजून उभा आहे की वरच्या न्यायालयाने उलटवला, हे त्या निवाड्याचा पुढे कुठे कुठे उल्लेख झाला त्यावरून वकिलाला शोधता येई. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये सुचवले की विज्ञानातही असे करावे. एखादा निबंध हाती आला की त्याच्यानंतर त्यावर कोणी काय म्हटले, हे वाचकाला सापडावे. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियातून त्यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघू लागली. ती ग्रंथालयाची चावी होती, तिचा हेतू वाचकाला पुढच्या पानापर्यंत नेण्याचा. पण ज्या सूचीत ओळी असतात त्या ओळी कोणीतरी मोजणारच, आणि मोजणी सुरू व्हायला फार वेळ लागला नाही.

कॅलिफोर्नियातल्या होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये त्या मोजणीला सुटसुटीत रूप दिले. तुमच्या निबंधांपैकी किमान वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस संदर्भ मिळाले असतील, आणि एकवीस निबंधांना एकवीस मिळाले नसतील, तर तुमचा एच-इंडेक्स वीस. त्याच निबंधात त्यांनी भौतिकशास्त्रासाठी ढोबळ पट्टीही दिली: चांगल्या विद्यापीठात कायम नोकरीसाठी बाराच्या आसपास, प्राध्यापकपदासाठी अठरा. पंधरा वर्षांनी, २०२० मध्ये, त्याच हर्श यांनी जाहीरपणे लिहिले की आपल्याला या निर्देशांकाचा आता तिटकारा आला आहे. ते स्वतः अतिवाहकतेच्या रूढ सिद्धान्ताला विरोध करणारे. त्यांच्या लक्षात आले की मुख्य प्रवाहाविरुद्ध लिहिणाऱ्याची दखल घेण्यात कोणाचाच फायदा नसतो.

आता कोसंबींकडे येतो. शीर्षकातला प्रश्न खोडसाळ आहे, पण त्याच्या मागे लागले की संदर्भ म्हणजे काय ते उलगडत जाते.

दामोदर धर्मानंद कोसंबी मराठी वाचकाला इतिहासकार म्हणून माहीत आहेत. पोटापाण्याचा विषय मात्र गणित. १९०७ मध्ये गोव्यात जन्म, हार्वर्डची पदवी, बनारस आणि अलीगढ इथे थोडी वर्षे, मग १९३३ पासून बारा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, आणि १९४५ ते १९६२ टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. या माणसाचे गणित संदर्भांच्या तराजूत टाकले तर काय दिसते?

पहिली गोष्ट १९४४ ची. ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकात त्यांनी जनुकशास्त्रावर जेमतेम चार पानांचे टिपण लिहिले. गुणसूत्रावर दोन जनुकांमधले अंतर प्रत्यक्ष मोजता येत नाही. संततीत गुणांची अदलाबदल किती वेळा झाली यावरून ते ताडावे लागते, आणि एका ठिकाणची अदलाबदल शेजारच्या ठिकाणच्या अदलाबदलीला अटकाव करते. हा अटकाव धरून अंतर काढण्याचे सूत्र कोसंबींनी दिले. आज भात, गहू, कापूस अशा कोणत्याही पिकाचा जनुकीय नकाशा करणारा संशोधक संगणकावर दोन पर्यायांतून एक निवडतो: हाल्डेन किंवा कोसंबी. त्यातल्या अनेकांना हे कोसंबी कोण ते माहीत नसते आणि माहीत असण्याची गरजही नसते. पंच्याहत्तरहून अधिक वर्षे हे टिपण वापरात आहे. संदर्भांच्या हिशेबाने कोसंबी कोण? वनस्पती-जनुकशास्त्रज्ञ.

दुसरी गोष्ट त्याच्या आदल्या वर्षीची. १९४३ मध्ये ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’त त्यांनी यादृच्छिक फलनांचे पृथक्करण करण्याची एक रीत मांडली. तीच कल्पना थोड्याच वर्षांत फिनलंडच्या कार्हुनेन यांना आणि फ्रान्समधल्या लोएव्ह यांना स्वतंत्रपणे सुचली. आज प्रतिमा-प्रक्रियेपासून हवामानशास्त्रापर्यंत ती सर्वत्र कार्हुनेन-लोएव्ह या नावाने शिकवली जाते. कोसंबींचे नाव पुढे जोडणारे थोडे आहेत. नियतकालिक भारतीय, साल युद्धाचे, आणि पुण्याहून पॅरिसला अंक पोहोचायची वानवा. इथे काम पहिले आणि संदर्भ दुसऱ्यांचे.

तिसरी गोष्ट १९३३ ची. ‘मॅथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’ या जर्मन नियतकालिकात त्यांनी पथ-अवकाशांच्या भूमितीवर निबंध लिहिला. एली कार्तान या त्या काळच्या भूमितीतल्या मोठ्या माणसाने त्यावर आपले टिपण लगेच त्याच अंकात छापले. पुढे चर्न या गणितज्ञाने भर घातली आणि कोसंबी-कार्तान-चर्न असे त्या सिद्धान्ताचे नाव पडले. कार्तानचे टिपण म्हणजे एक संदर्भ. बेरजेत त्याची किंमत एक, आणि आज पैसे घेऊन केलेल्या उल्लेखाचीही एक.

चौथी गोष्ट कडू आहे. १९५९ मध्ये कोसंबींनी गणितातल्या सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक, रिमानचे गृहीतक, संभाव्यतेच्या मार्गाने सोडवण्याचा प्रयत्न कृषी सांख्यिकीच्या एका भारतीय नियतकालिकात छापला. गणितज्ञांनी तो मानला नाही आणि त्यांच्या प्रतिष्ठेला त्याने धक्का लागला. चुकीच्या निबंधालाही संदर्भ मिळतात, तो खोडण्यासाठी तरी मिळतातच.

आणि पाचवी, जी मला सर्वांत आवडते. अलीगढला असताना १९३१ मध्ये, आंद्रे वेय्य या तिथल्याच तरुण फ्रेंच गणितज्ञाच्या चिथावणीवरून, कोसंबींनी एका निबंधात बुर्बाकी नावाच्या अस्तित्वातच नसलेल्या रशियन गणितज्ञाचा हवाला दिला. एका सहकाऱ्याची जिरवायची होती. काही वर्षांनी वेय्य आणि त्याच्या मित्रांनी पॅरिसमध्ये त्याच टोपणनावाने विसाव्या शतकाचे गणित घडवणारे ग्रंथ लिहायला घेतले. गणिताच्या वाङ्मयात बुर्बाकीचा पहिला संदर्भ असा एका भारतीयाने दिलेला खोटा संदर्भ आहे.

तर यांचा क्रमांक कितवा लावायचा? वापरले गेलेले हत्यार, दुसऱ्याच्या नावावर गेलेली कल्पना, जाणत्याने दिलेली एक दाद, चूक आणि थट्टा यांची बेरीज करता येते, पण त्या बेरजेला एकक नाही. कोणी म्हणेल, एकट्याचे उदाहरण घेऊन पद्धत खोडता येत नाही, हजारो लोकांच्या सरासरीत असले अपवाद बुजून जातात. सरासरी काढताना हे म्हणणे बरोबर आहे. एखाद्या देशात कर्करोगावर संशोधन वाढते आहे की घटते आहे हे पाहायला संदर्भ मोजावेत, जरूर मोजावेत. पण क्रमवारी सरासरीची नसते. ती नावानिशी एकेका माणसाची असते, आणि तिथे अपवाद बुजत नाही, तो माणूसच बुजतो.

कोसंबी स्वतः मोजमापाचे शत्रू नव्हते, उलट या देशात ज्यांनी मोजण्याची शिस्त इतिहासात आणली त्यांत ते पहिले. त्यांनी हजारो आहत नाणी तराजूत तोलली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, वजन घटते. मागच्या बाजूवर तपासणीची चिन्हे वाढत जातात तशी सरासरी घट नियमित दिसते, आणि त्यावरून नाण्यांचा कालक्रम लावता येतो. हे करण्याआधी त्यांनी विचारले होते की वजन का घटते, एका टांकसाळीची नाणी किती एकसारखी होती, कोणत्या साठ्याची तुलना कोणत्या साठ्याशी करावी. झिजेवरून त्यांनी चलनाचा काळ काढला, राजाची थोरवी काढली नाही. संदर्भांची संख्यादेखील चलनाचेच माप आहे. एखादा निबंध किती हातांतून गेला, एवढे ती सांगते. ‘नेचर’ने २०१४ मध्ये सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या शंभर निबंधांची यादी केली तेव्हा सर्वांत वर होता प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची रीत सांगणारा लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध, तीन लाखांहून अधिक संदर्भांचा. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा १९५३ चा वॉटसन-क्रिक निबंध पहिल्या शंभरात नव्हता. लाउरींचे काम फार वापरले गेले हे खरे, पण त्यामुळे ते जीवशास्त्राचे पुढारी ठरत नाहीत.

इथवरचा आक्षेप प्रामाणिक जगापुरता आहे. आकड्याला पैसा चिकटला की काय होते, ते गणितातच पाहायला मिळाले.

क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी ‘हायली सायटेड रिसर्चर्स’ची यादी काढते. शांघायच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत २० टक्के गुण या यादीतल्या नावांना आहेत. म्हणजे यादीतल्या माणसाने आपल्या निबंधावर तुमच्या विद्यापीठाचा पत्ता घातला की तुमचे विद्यापीठ वर चढते. असा पत्ता विकत घेता येतो. सौदी अरेबियातली विद्यापीठे परदेशी संशोधकांना थोड्या आठवड्यांच्या हजेरीवर भरघोस मानधन देऊन पत्ते मिळवत आहेत, हे ‘सायन्स’ने २०११ मध्येच छापले होते. २०२३ मध्ये स्पेनच्या कॉर्डोबा विद्यापीठाने आपल्या एका नामांकित रसायनशास्त्रज्ञाला अशाच दुहेरी पत्त्यांवरून तब्बल तेरा वर्षांसाठी बिनपगारी निलंबित केले.

गणित या खेळाला सर्वांत सोपे, कारण गणितज्ञ संदर्भ कमी देतात आणि सावकाश देतात. आंतरराष्ट्रीय गणित संघाच्या २००८ च्या अहवालात दाखवले आहे की नियतकालिकांचा इम्पॅक्ट फॅक्टर ज्या दोन वर्षांच्या मुदतीत संदर्भ मोजतो तिच्या बाहेर गणितातले सुमारे ९० टक्के संदर्भ पडतात. अशा विषयात सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या वरच्या एक टक्क्यात शिरण्याचा उंबरठा अगदी ठेंगणा. मूठभर मंडळींनी ठरवून एकमेकांना संदर्भ दिले की तो पार होतो. स्पेनमधल्या व्हिगो विद्यापीठाचे डोमिंगो दोकाम्पो यांनी वर्षानुवर्षांच्या याद्या तपासल्या. एकेकाळी गणितातल्या अतिसंदर्भित निबंधांत लॉस एंजलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि प्रिन्स्टन आघाडीवर असत. अलीकडच्या याद्यांत त्यांना मागे टाकून वर आले तैवानचे एक वैद्यकीय विद्यापीठ, जिथे गणिताचा विभागच नाही. २०२३ मध्ये क्लॅरिव्हेटने आपल्या यादीतून गणित हा विषयच काढून टाकला. हा निर्णय मी पुनःपुन्हा आठवतो. पुराव्याची सर्वांत कडक शिस्त ज्या विषयात आहे, त्याच विषयातले पुढारी कोण हे मोजणाऱ्यांना सांगता येईना.

वास्तविक गणितज्ञांना विचारले असते तर त्यांनी एका दुपारी सांगितले असते. ग्रिगोरी पेरेलमान यांनी २००२-०३ मध्ये पोआंकारेची अटकळ सोडवली ती इंटरनेटवर टाकलेल्या तीन टिपणांत. ती कोणत्याही नियतकालिकात त्यांनी कधी छापली नाहीत. मोजणीत ही टिपणे म्हणजे फार तर तीन निबंध.

थोडी करमणूकही करून घेऊ. २०२४ मध्ये दोन संशोधकांनी, संदर्भ विकणाऱ्या एका जाहिरातीची रीत समजून घेऊन, एकाच्या आजीच्या लॅरी नावाच्या बोक्याच्या नावावर बारा अर्थहीन निबंध बनवले, ते सगळे उद्धृत करणारे आणखी बारा बनवले आणि एका संकेतस्थळावर चढवले. गुगल स्कॉलरने १३२ संदर्भ मोजले. लॅरीचा एच-इंडेक्स अकरा झाला, हर्श यांच्या पट्टीत कायम नोकरीला एकच कमी.

आता दुसरी बाजू, आणि ती मला हलकी वाटत नाही.

आकडे नकोत, मग कोण ठरवणार? तज्ज्ञ समिती. महाराष्ट्रात ज्याने प्राध्यापकपदाची मुलाखत दिली आहे, त्याला या दोन शब्दांवर हसू येईल. उमेदवार आधीच ठरलेला, तज्ज्ञ संस्थेच्या मर्जीतला, पहिला प्रश्न आडनावावरून आणि दुसरा गावावरून. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवणारी, घराण्यातून पहिलीच पदवीधर असलेली बाई जेव्हा म्हणते की माझे स्कोपसचे पेपर मोजा, बाकी काही विचारू नका, तेव्हा ती आकड्याची पूजा करत नसते, संरक्षण मागत असते. आकडा जात विचारत नाही. थिओडोर पोर्टर या इतिहासकाराने १९९५ मध्ये लिहिलेल्या ‘ट्रस्ट इन नंबर्स’ या पुस्तकाचा मथितार्थ हाच आहे. ज्या व्यावसायिकांवर बाहेरच्यांचा भरवसा उरत नाही, ते आकड्यांच्या आडोशाला जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये एपीआय ही गुणमोजणी आणली तेव्हा त्यामागे हीच कळकळ होती. शिकवण्याला इतके पॉइंट्स, पेपरला इतके, पदोन्नतीला एवढी बेरीज, म्हणजे कोणाच्या मर्जीचा प्रश्न नाही.

झाले काय, ते आपण पाहिले. पॉइंट्स देणारी नियतकालिके पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या. आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी काढली तर तीच त्यांनी भरून गेली. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्या यादीतल्या विद्यापीठांनी शिफारस केलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासून २०१८ च्या ‘करंट सायन्स’मध्ये दाखवले की त्यातली ८८ टक्के दर्जाहीन आहेत. मग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात कक्ष स्थापून ‘केअर लिस्ट’ आली. २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने तीही बंद केली आणि निवडीची जबाबदारी पुन्हा संस्थांवर टाकली.

मला वाटते, आकड्याने त्या तालुक्यातल्या बाईंना जे संरक्षण द्यायचे कबूल केले होते, ते त्याने दिले नाही. आकडा जात विचारत नाही, पण तो तयार होईपर्यंत सगळ्यांनी सगळे विचारून घेतलेले असते: मार्गदर्शक कोण मिळाला, प्रयोगशाळेत यंत्र होते का, नियतकालिकाची फी कोणी भरली, विभागप्रमुखाचे नाव न विचारता जोडावे लागले का. वशिला मुलाखतीच्या खोलीतून निघून निबंधाच्या लेखक-यादीत जाऊन बसतो, आणि तिथे तो पकडणे आणखी अवघड. शिवाय समितीची सत्ताही जात नाही. स्कोपस धरायचे की गुगल स्कॉलर, शेवटची पाच वर्षे की सगळी कारकीर्द, हे समितीच ठरवते, आणि आपल्या उमेदवाराला सोयीचे ठरवते. फरक इतकाच की पूर्वी अन्याय झाला तर ‘का’ असे विचारता येत असे. आता बेरीज दाखवतात.

त्या ‘का’चे उत्तर लेखी घेणे, एवढाच मार्ग मला दिसतो. तो नवा नाही, आणि गणितात तर त्याची परंपरा आहे. ऑटो नॉयगेबाउअर हा गणिताचा इतिहासकार बर्लिनच्या ‘त्सेंट्रालब्लाट’ या समीक्षा-नियतकालिकाचा संपादक होता. १९३८ मध्ये लेव्ही-चिविता या ज्यू गणितज्ञाचे नाव संपादक मंडळातून काढले गेले तेव्हा त्याने राजीनामा दिला, तो अमेरिकेत गेला आणि १९४० पासून तिथे ‘मॅथेमॅटिकल रिव्ह्यूज’ सुरू झाले. जगात कुठेही छापलेला गणिताचा निबंध त्या विषयातल्या कोणाकडे तरी जायचा, आणि त्याने तो वाचून काही ओळींत लिहायचे: यात नवे काय, कशावर उभे आहे, कुठे शंका आहे. खाली सही. पगार नाही म्हटले तरी चालेल. ती सही महत्त्वाची, कारण चुकीची समीक्षा लिहिणाऱ्याचीही लाज जाते. गणितातल्या फील्ड्स पदकाची निवड समिती बंद दाराआड बसते आणि तिच्यावर पक्षपाताचे आरोप होऊ शकतात, झालेही आहेत. पण पदक देताना प्रत्येक मानकऱ्याच्या कामावर एक जाणता गणितज्ञ भर सभेत व्याख्यान देतो. माद्रिदला २००६ मध्ये पेरेलमान आले नाहीत, त्यांनी पदकही नाकारले, तरी जॉन लॉट यांनी त्यांच्या कामावरचे व्याख्यान दिलेच. पटले नाही तर त्या व्याख्यानाशी वाद घालता येतो. गुणांकाशी वाद कसा घालणार?

वाचायला वेळ कोणाकडे आहे, ही हरकत उरते. जर्मनीच्या संशोधन निधी संस्थेने, डीएफजीने, २०१० मध्ये तिचे साधे उत्तर काढले: अर्जदाराने आपले सर्वांत महत्त्वाचे पाचच निबंध सांगायचे. तेच आपल्या विद्यापीठातल्या एका पदाला लावून पाहू. ऐंशी अर्ज आले, पात्रतेच्या छाननीत दहा उरले. पन्नास निबंध. तीन बाहेरचे तज्ज्ञ, प्रत्येकाच्या वाट्याला सतराएक. प्रत्येक निबंधावर दोन परिच्छेद, खाली नाव, आणि ते कागद उमेदवाराला मागता येतील अशी तरतूद. फार तर महिनाभराचे काम. त्याचे रीतसर मानधन द्यावे लागेल, तज्ज्ञाला सुट्टी द्यावी लागेल, आणि जे तज्ज्ञ निबंध वाचू शकत नाहीत त्यांना बोलावणे बंद करावे लागेल. हा शेवटचा खर्च सर्वांत मोठा, आणि तो टाळण्यासाठीच आकडे एवढे लाडके झाले असावेत, असा मला दाट संशय आहे. सध्याचा तज्ज्ञ सकाळच्या गाडीने येतो, फायलीवर चिकटवलेला एच-इंडेक्स पाहतो, दोन प्रश्न विचारतो, बेरजेच्या तक्त्यावर सही करतो आणि प्रवासभत्त्याचा अर्ज भरून संध्याकाळच्या गाडीने परत जातो.